होडीच्या बुडाला भोक, व्हय म्हाराजा!

पाण्याची खोली सांगणारं जुनं मशीन काढून नवं बसवायचं म्हटलं की कोणीही सांगतं, "सोपं आहे रे, चार स्क्रू आणि दोन वायरी." हे सांगणाऱ्याची स्वतःची होडी कधीच नसते.

आमच्या मालवणात खोली कळणं हा हौसेचा मामला नाही. महाराजांनी १६६४ साली कुरटे बेटावर सिंधुदुर्ग बांधायला घेतला तो भोवतीच्या खडकांच्या भरवशावर. वाट माहीत नसलेलं गलबत इथे आपोआप फुटावं, ही सोय होती. गलबतं गेली, शत्रू गेले, खडक मात्र आमच्या वाट्याला जसेच्या तसे आले.

जुनं मशीन बाबांनी एका ट्रॉलरवाल्याकडून घेतलेलं. जुन्या टीव्हीची असते तशी काचेची जाड नळी, त्यामुळे उन्हात ढिम्म दिसायचं नाही. म्हणून त्यावर गोणपाटाचा बुरखा. खोली बघायची तर तांडेल, म्हणजे होडी हाकणारा, त्या गोणपाटात डोकं घालायचा आणि तेवढा वेळ होडी देवाच्या भरवशावर चालायची. आवाज पाण्यात सोडणारं बटण, म्हणजे ट्रान्सड्यूसर, एका लोखंडी पाईपाला बांधून बाजूने पाण्यात सोडलेलं. पाईप वर घ्यायला कोणी विसरलं, की खडक आल्याची बातमी सर्वांत आधी बटणालाच कळायची, तीही प्रत्यक्ष भेटीतून.

शेवटी शेवटी ते चार वाव (दोन्ही हात पसरले की होतो तेवढा एक वाव) पाण्याला आठ वाव सांगू लागलं. कारण साधं होतं. तळ कडक असला की आवाज खाली आपटून वर येतो, वरून परत खाली जातो आणि पुन्हा वर येतो. मशीनने पहिला प्रतिध्वनी धरायचा असतो, आमचं मशीन दुसरा धरायचं. आबांनी त्याची बाजू घेतली. "त्येचा वय झाला. माकाव पयल्यांदा सांगलेला खय ऐकाक येता?"

खरेदीला गेलो. दुकानात सगळं बोलणं पडद्याबद्दल. इंच किती, रंग किती, उन्हात दिसतं का. बटणाचं कोणी नावही काढेना. माझं ठाम मत असं, की पैसे पडद्यावर घालवू नयेत, बटणावर घालावेत. पडदा नुसता बोलतो. ऐकतं ते बटण. समुद्राच्या पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे १५०० मीटर जातो, म्हणजे दहा वाव पाण्यात खाली जाऊन परत यायला त्याला सेकंदाचा चाळिसावा भाग पुरतो. तेवढ्यात जे ऐकू आलं तेच पडदा रंगवून सांगणार. १९१७ साली लाँजव्हँ नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने क्वार्ट्‌झच्या चकत्या वापरून हा आवाज पाण्यात सोडला तो पाणबुड्या हुडकायला. १९४८ साली जपानच्या फुरुनो बंधूंनी तीच विद्या मासळीमागे लावली, आणि आम्ही ती पेडव्या-तारल्यांपर्यंत आणून ठेवली.

मशीन घरी आलं. जुन्या वायरीच्या टोकाला पिना दहा, नव्याला भोकं आठ. जोडून देणारा कोणी सापडला असता, पण पिनांनी भागत नाही. जुनं बटण ५० किलोहर्ट्‌झच्या एकाच आवाजाचं, नव्याला ५० आणि २०० दोन्ही आवाज हवेत. ५० खोल जातं पण पसरट बघतं. २०० उथळ पाण्यात, पण रेघ न् रेघ दाखवतं, आणि आमचं निम्मं आयुष्य उथळ पाण्यातच जातं. म्हणजे बटण नवं. शेजारच्या नाखव्याने फायबरच्या होडीत ते आतूनच चिकटवलेलं, "तूय तसाच कर." पण आमची होडी लाकडाची, आणि लाकूड आवाज गिळतं. म्हणजे आरपार भोक. आरपार तर आरपार, पण प्लॅस्टिकचं चालत नाही. लाकूड पाणी पिऊन फुगतं आणि प्लॅस्टिकला तडा देतं. म्हणजे कांस्याचं. नालेसाठी घोडं म्हणतात ते हेच, फक्त इथे घोड्याच्या पोटाला भोकही पाडायचं होतं.

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, होडी दांडीच्या किनाऱ्यावर ओढून ठेवलेली. भोक पाडायचं ते तेव्हाच. आबा काठी टेकत आले.

"मेल्या, बऱ्या होडयेक भोक पाडतलंस?"

"आबा, बटण बसवूक."

"भोकाक बटण! आणि बटण सुटला मगे?"

याला उत्तर नव्हतं. मिस्त्रीही ड्रिल हातात घेऊन थांबला. आजवर त्याने भोकं बुजवण्याचे पैसे घेतले होते, पाडण्याचे पहिल्यांदाच. शेवटी आईने नारळ आणला आणि आबांनी रामेश्वराला गाऱ्हाणं घातलं: "बा देवा म्हाराजा, ह्या लेकरान आज बापाशीच्या होडयेक भोक पाडूचा मनात आणल्यान हा. ता भोक भोकासारख्या ऱ्हवांदे, वाडांदे नको. त्येतसून आवाज जांदे, पाणी येव नको."

"व्हय म्हाराजा!" सगळ्यांत मोठा आवाज मिस्त्रीचा.

मोदकाएवढ्या जागेत ड्रिल गरगरलं, सागाचा भुसा माझ्या पायावर पडला, आणि बुडातून वाकून पाहिलं तर पलीकडे वाळूवर बसलेलं कुत्रं दिसलं. होडीच्या बुडातून कुत्रं दिसणं हा अनुभव कोणत्याही मालकाला आवडणार नाही.

ऑगस्टात होडी पाण्यात गेली. भोकातून थेंब नाही. इंजिन सुरू केलं, मशीन लावलं आणि पडदा ठिपक्यांनी भरून गेला.

"बांगडो! बंदरात!" खलाशी ओरडला. दुसऱ्याने जाळ्याला हात घातला. बाजूच्या दोन होड्या जवळ सरकल्या. मी इंजिन बंद केलं, बांगडे गायब. चालू केलं, हजर. वायरमनने बटणाची वायर डायनामोच्या वायरीसोबत एकाच गाठीत बांधली होती, वर उरलेली लांबी कापून मध्ये टेपने जोडही दिला होता. डायनामोची खरखरच पडद्यावर बांगडे होऊन उमटत होती. ही वायर कापायची नसते, हे त्याला सांगितलं तर म्हणाला, "साहेब, फुकट वेटोळं कशाला?" जोड नीट करून वायर दुसऱ्या बाजूने नेली तेव्हा बंदरातली मासळी संपली. बाजूच्या होड्यांना अजून वाटतं, आम्ही काहीतरी लपवतोय.

मग एकक निवडायचं आलं. मीटर, फूट, फॅदम. फॅदम म्हणजे आपला वावच. तांडेल खूश. तरीही त्याने शिशाचा गोळा बांधलेली दोरी पाण्यात सोडली, ओढली, हात पसरून मोजली. मशीन म्हणे सहा, तो म्हणे साडेसहा.

"मशीन अर्धो वाव खाता."

खरं तर खात नव्हतं. बटण पाण्याखाली अर्धा वाव, ते स्वतःपासून खाली मोजणार. दोरी पाण्याच्या पातळीपासून. मेनूत तेवढा फरक भरला की झालं. मी बटणं दाबली, तांडेल मागे उभा राहून "अर्धो, अर्धो" सांगत होता. पडद्यावर साडेसहा उमटले.

आता तो बंदरभर सांगत फिरतो, मशीन तसं हुशार आहे, फक्त सुरुवातीला शिकवावं लागलं.