पौलाने जे सोडलं तेच आपण मिरवतो

आपल्या मंडळीत कुणाची ओळख करून देताना काय सांगतात, ते आठवून बघा. चार पिढ्यांचे ख्रिस्ती, आजोबा पाळक, मुलगा परदेशात, स्वतः अमुक कमिटीचे सेक्रेटरी. अंत्यविधीच्या उपासनेतही हीच यादी वाचतात. त्या माणसाची प्रभूवर किती भिस्त होती, हे शेवटी एका वाक्यात उरकतात. मला याचं फार वाईट वाटतं.

बायबलमधल्या फिलिप्पैकरांस पत्राच्या तिसऱ्या अध्यायात प्रेषित पौलानेही अशीच यादी दिली आहे, आणि आपल्यापैकी कुणाचीही त्यापुढे टिकणार नाही. आठव्या दिवशी सुंता, बन्यामिनाचा वंश, इब्र्यांचा इब्री, परूशी म्हणजे यहुदी नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या पंथातला, नियमशास्त्राच्या बाबतीत निर्दोष. बेड्यांत असताना तो लिहितो की ख्रिस्ताला ओळखण्यापुढे हे सगळं मी केरकचरा समजतो. या यादीत मानाच्या आणि धार्मिक गोष्टीच जास्त आहेत. पापाचा पश्चात्ताप आपण करतो हो, पण घराण्याचा आणि धार्मिकपणाचा टेकू काही सुटत नाही.

पंडिता रमाबाईंनी तो सोडला. 1878 मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या, तेव्हा त्या अवघ्या वीस वर्षांच्या होत्या. 1883 मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा झाला, तरी चर्चमधले वडीलधारे सांगतात म्हणून त्यांनी डोळे मिटून काही मानलं नाही. पत्रापत्री करून वाद घातला. पुढे आपल्या साक्षीत, म्हणजे विश्वासाचा अनुभव सांगताना, त्यांनी कबूल केलं की ख्रिस्ती धर्म आपल्याला मिळाला होता, पण त्या धर्माचं जीवन असलेला ख्रिस्त अजून मिळाला नव्हता. हे बाप्तिस्मा झालेली, शास्त्र जाणणारी बाई म्हणते! मग केवळ ख्रिस्ती घरात जन्मलो, एवढ्यावर आपण निर्धास्त कसे?

पुण्याजवळच्या केडगावला, आपल्या मुक्ती मिशन या संस्थेत, त्यांनी हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल मराठीत आणलं. ज्या संस्कृतमुळे देशभर नाव झालं, ते संस्कृत त्यांनी त्यात मुद्दाम बाजूला ठेवलं. दुष्काळातून आलेल्या, नुकतीच अक्षरं शिकलेल्या बायकांना वचन कळावं म्हणून साधी मराठी वापरली. विद्वत्तेला याहून मोठा मान कोणता द्यायचा, मला तरी सुचत नाही. 1922 मध्ये त्या गेल्या, आणि संपूर्ण बायबल मुक्ती मिशनच्या छापखान्यातून 1924 मध्ये बाहेर आलं.

म्हणून शिक्षण, नोकरी, यश हे जगिक आहे असं तरुणांना सांगणाऱ्यांशी माझं पटत नाही. पौलाचं शास्त्रज्ञान त्याच्या पत्रांत कामी आलं. फक्त देवापुढे उभं राहताना त्याने त्या ज्ञानावर विसंबणं सोडलं. परंपरेचंही तसंच. आजीने शिकवलेली गायनं मला जिवापाड प्रिय आहेत, पण त्यांनी माझं तारण होत नाही.

माझी मंडळीला एवढीच विनंती आहे. यापुढे कुणी साक्ष द्यायला उभं राहिलं, तर आधी पदव्या आणि पदं वाचू नका. प्रभूने या वर्षी तुमच्या जीवनात काय केलं, एवढंच विचारा आणि त्यांना निवांत बोलू द्या.