जुलाब म्हणजे आजार उलटलाच असं नाही
अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये (मोठ्या आतड्याला सूज आणि व्रण येणारा आजार) त्यावरचं ओल्सालाझिन हे औषध चालू असताना पाण्यासारखे जुलाब झाले तर आजार उलटला असं समजावं, हे लेखातलं वाक्य अजिबात पटलं नाही. या औषधानेच लहान आतड्यात पाणी आणि सोडियम, क्लोराइड सुटू लागतं. १९८०च्या दशकातच यावर संशोधन झालंय.

माझ्या धाकट्या भावाला स्वीडनमध्ये असताना हेच झालं. रक्त नाही, ताप नाही, नुसतं पाणी. रात्री पोटऱ्यांत गोळे यायचे. आजार उलटला, आता स्टेरॉइड लागणार म्हणून आई इथे रडवेली झाली होती. डॉक्टरांनी आधी रक्तातलं सोडियम-पोटॅशियम पाहिलं, डोस कमी केला, गोळी जेवणासोबत घ्यायला सांगितली. आठवड्यात पोट ताळ्यावर आलं. जुलाबांनी उतरलेलं पोटॅशियम स्टेरॉइडने आणखी खाली जाऊ शकतं, म्हणून ही तपासणी आधी हवी. लेखात तिचा साधा उल्लेखही नाही.