औषध न देणाऱ्या डॉक्टरांसाठी नोकरीमार्गदर्शन

पीएचडी झाली? अभिनंदन. 'डॉक्टर' ऐकून वॉचमनने गुडघा आणि कोपरीत राहणाऱ्या मावशीने जीभ दाखवून झाली असेल, तर आता पोस्टडॉकच्या, म्हणजे पीएचडीनंतरच्या तात्पुरत्या संशोधनाच्या नोकरीच्या, मागे लागा. फार सोपं आहे. मी चौदा महिने तेच करतोय, त्यामुळे अधिकारवाणीने सांगतो.

आधी जाहिरात शोधा. संस्थेच्या संकेतस्थळावर 'करिअर' लिहिलेलं असतं, तिथे ती नसते. ती निविदांमध्ये, एसी दुरुस्ती आणि कॅन्टीनच्या कंत्राटाच्या मधे, तिरक्या स्कॅन केलेल्या पानावर असते. मुदत काल संपलेली.

प्राध्यापकांना मेल पाठवा. (एकाचं उत्तर आलं होतं : 'नोटेड.' जपून ठेवलंय.)

वय वाढू देऊ नका. राष्ट्रीय पोस्टडॉक फेलोशिपला खुल्या गटात वयाची अट 35. गाईडने प्रबंधावरची सही वर्षभर अडवली असेल, तर ते वर्ष तुमच्याच वयात धरतात. शिवाय तिथला मेंटॉर आपणच आधी पटवायचा. 'नोटेड'वाले सर आठवा.

परदेशी जा. जर्मनीच्या हुम्बोल्ट पोस्टडॉक फेलोशिपला पीएचडीनंतर 4 वर्षांच्या आत अर्ज करावा लागतो. आमची अर्धी मुदत विद्यापीठाकडून प्रमाणपत्र मिळवण्यात जाते.

आणि वॉक-इन इंटरव्ह्यू चुकवू नका! नावात वॉक असलं तरी परवाच्या पावसात मी जवळजवळ पोहत गेलो. सकाळी साडेनऊला हजर, मूळ प्रमाणपत्रं, प्रतींचे दोन संच, प्रवासभत्ता मिळणार नाही. आदल्या रात्री ठाण्यात गोखले रोडवर शटर ओढायला निघालेल्या झेरॉक्सवाल्याच्या हातापाया पडलो, पहाटे स्टेशनात दहा नंबरवरून ट्रान्स-हार्बर लोकल पकडली. तिथे चार प्रकल्पांसाठी चाळीस जण. रसायनशास्त्रवाली भिवंडीहून, सोबत आई आणि आईच्या कडेवर बाळ. भौतिकशास्त्रवाला कोल्हापूरहून रात्रीच्या एसटीने. एक वाजेपर्यंत कुणी पाणी विचारलं नाही. माझ्या जागेची पात्रता तर ब्लाउजचं माप घेऊन शिवलेली : फळमाशीच्या आतड्यावर काम, पायथन ही संगणकभाषा, आणि एका ठरावीक कंपनीच्या ठरावीक सूक्ष्मदर्शकाचा दोन वर्षांचा अनुभव. असा माणूस देशात एकच असावा. तोच आम्हाला चहाची टपरी दाखवत होता आणि मुलाखतीची यादीही तोच टाइप करत होता. माझी मुलाखत चार मिनिटं. प्रश्न एकच : "ठाण्याहून रोज जमेल का?"

अहो, माणूस ठरलाय तर घ्या ना त्याला! चांगला असेल तो, काम येत असेल, माझं त्याच्याशी भांडण नाही. पण नियमाला जाहिरात लागते म्हणून उरलेल्या सगळ्यांचा दिवस का जाळता? चार मिनिटांची मुलाखत फोनवर होत नाही? 2023 मध्ये रिसर्च असोसिएटचं, म्हणजे प्रकल्पावरच्या आमच्यासारख्यांचं, मानधन 58 हजारांपासून पुढे केलं म्हणून पाठ थोपटून घेता. ते हातात कधी पडतं? माझी मैत्रीण पाच महिने घरभाडं सासऱ्यांकडून घेतेय, वय 33, नावापुढे डॉक्टर. लाज तिला वाटते, तुम्हाला नाही! आणि निकाल कळवा. 'निवड झाली नाही' एवढे तीन शब्द, तेही टाइप करायला तुमच्याकडे माणूस आहे. मला नका पाठवू, मला कळलंय. त्या कोल्हापूरच्या मुलाला पाठवा, तो अजून मला विचारतोय.