‘माहिती गुगलला विकता’ या रिव्ह्यूला दुकानाचं उत्तर

नमस्कार साहेब,

एक स्टार देताना तुम्ही लिहिलंय की आमच्या साईटवर चादर बघितली आणि त्याच रात्रीपासून फेसबुकवर चादरींच्या जाहिराती मागे लागल्या, म्हणजे आम्ही गिऱ्हाइकांची माहिती विकतो. वर ‘गुगल अ‍ॅनालिटिक्स हवंच कशाला’ असंही विचारलंय (म्हणजे साईटवर किती लोक येतात, काय बघतात हे मोजणारं गुगलचं साधन). आलेल्या चादरीबद्दल अवाक्षर नाही, तेव्हा ती पसंत पडली असं धरून चालतो.

आधी जाहिरातींचं. तुम्ही टाकलेल्या फोटोत जाहिरातदाराचं नाव आहे, ते आमचं नाही. आमच्या साईटवर फेसबुकचा पिक्सेल (साईटवर काय बघितलं ते फेसबुकला कळवणारा कोड) नाही आणि ‘गुगल सिग्नल्स’ही (गुगल खात्यावरून गिऱ्हाईक ओळखून जोडणारी सोय) बंद आहे. सोलापुरी चादरीला जीआय (भौगोलिक ओळखीचं) मानांकन असूनही त्या नावावर ऑनलाइन काय काय खपवतात, हा आमचाच जुना ठसठसता विषय आहे.

आता अ‍ॅनालिटिक्स. लावलंय, आणि कामाचं आहे म्हणून लावलंय. चादर वजनाला भारी, कुरिअरवाला किलोवर पैसे घेतो. लोक ६० बाय ९०ची चादर निवडायचे, पत्त्याच्या पानापर्यंत यायचे आणि कुरिअरचा आकडा दिसला की निघून जायचे. सोलापूरच्या चाटी गल्लीत गल्ल्यावर बसून हे कळलं नसतं. आता चादरीच्या फोटोखालीच वजन आणि कुरिअरखर्च दिसतो, तो त्या नोंदी बघून टाकलाय.

त्या नोंदींत कुठलं पान उघडलं, मोबाईल की कॉम्प्युटर, साधारण कुठलं शहर, कुठल्या साईटवरून आले, अशा गोष्टी असतात. नाव, पत्ता, नंबर तिकडे जात नाही. काही साईटवर ऑर्डर झाल्यावर उघडणाऱ्या पानाच्या लिंकमध्येच ग्राहकाचा मोबाईल नंबर असतो आणि तो लिंकसकट अ‍ॅनालिटिक्सकडे जातो. आमच्या लिंकमध्ये फक्त ऑर्डर क्रमांक असतो. तुमच्या ऑर्डरची लिंक उघडून बघा.

खरा निर्णय पुढे होता. अ‍ॅनालिटिक्सच्या सेटिंगमध्ये ‘डेटा शेअरिंग’चे वेगळे पर्याय असतात: गुगलला स्वतःची इतर उत्पादनं सुधारायला आपला डेटा वापरू द्यायचा का, इतरांच्या आकड्यांत मिसळू द्यायचा का. दुसरा चालू ठेवला तर आपल्यासारख्या धंद्यांच्या तुलनेत आपण कुठे, हे दिसतं. साईट करून देणारा म्हणाला, ठेवा चालू, फुकट आहे. आम्ही दोन्ही बंद केले. दारात किती गिऱ्हाइकं आली हे मोजणं वेगळं आणि ती वही गावभर फिरवणं वेगळं. शिवाय पडदे, गाद्या, फर्निचरवाल्यांच्या सरासरीशी चादर-टॉवेलची तुलना करून आम्ही करणार काय?

पण तुमच्यापासून लपवत नाही: शेअरिंग बंद केलं तरी नोंदी गुगलच्याच सर्व्हरवर राहतात. तेही नको असेल तर मॅटोमोसारखं हेच मोजणारं सॉफ्टवेअर आपल्या सर्व्हरवर बसवता येतं. ते फुकट मिळतं, पण अपडेट आणि बॅकअप बघायला माणूस लागतो आणि आमच्याकडे तो नाही. अर्धवट सांभाळलेला सर्व्हर जास्त धोक्याचा, असं माझं मत. म्हणून गुगलच ठेवलं, मात्र वापरकर्त्यांच्या तपशिलाची मुदत १४ महिन्यांऐवजी २ महिन्यांवर ठेवली. आणि साईटवर खाली येणाऱ्या, परवानगी विचारणाऱ्या पट्टीत ‘नको’ दाबलं की अ‍ॅनालिटिक्स सुरूच होत नाही. वैयक्तिक डेटाचा कायदा २०२३ला झाला, नियम नोव्हेंबर २०२५मध्ये आले आणि टप्प्याटप्प्याने लागू होतायत. आमची पट्टी त्याआधीपासून आहे.

तुमचा मोबाईल नंबर ऑर्डरच्या यादीतून काढायचा असेल तर दुकानाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर ऑर्डर क्रमांक टाका, त्याच दिवशी काढतो. बिल मात्र जीएसटीसाठी ठेवावं लागतं, ते काढता येणार नाही.