गोळे टाकून तळं शुद्ध होत नाही

‘दर चौरस मीटरला एक गोळा टाका. गोळ्यातले कोट्यवधी उपकारक जिवाणू तळाचा गाळ खाऊन टाकतील, शेवाळ नाहीसं होईल, तीन महिन्यांत पाणी आरशासारखं. जपानी शास्त्रज्ञाचा शोध, तोटा शून्य.’ महिन्याभरात हा मजकूर मला पाच जणांनी पाठवला. गेल्या रविवारी आमच्या गावच्या तळ्याकाठी शाळेची मुलं कोपरापर्यंत चिखलात हात घालून गोळे वळत होती: माती, तांदळाचा कोंडा, गुळाचं पाणी आणि ईएमचं (‘इफेक्टिव्ह मायक्रोऑर्गॅनिझम्स’, म्हणजे उपकारक सूक्ष्मजीवांच्या मिश्रणाचं) द्रावण. त्यांच्या कळकळीबद्दल मला तिळमात्र शंका नाही. म्हणूनच सांगावंसं वाटतं की एवढ्या कष्टांनी तळं सुधारणार नाही.

‘जपानी शोध’ हे खरं आहे. ओकिनावाच्या र्‍युक्यू विद्यापीठातले तेरुओ हिगा यांनी १९८०च्या दशकात हे मिश्रण पुढे आणलं. त्यात लॅक्टिक आम्ल तयार करणारे जिवाणू, यीस्ट वगैरे असतात. पण ते मुळात शेतीसाठी होतं, तळ्यात नंतर आलं. मलेशियात पिनांगला ८ ऑगस्ट २००९ रोजी दहा लाखांच्या आसपास गोळे पाण्यात टाकले, तेही खरं. गोळे किती टाकले यावरून पाणी किती सुधारलं हे मात्र कळत नाही.

ते नेदरलँड्समधल्या ल्युर्लिंग आणि सहकाऱ्यांनी तपासलं; त्यांचा शोधनिबंध २०१० साली प्रसिद्ध झाला. निळं-हिरवं शेवाळ असलेल्या तळ्याच्या २५ लिटर पाण्यात त्यांनी गोळ्याचे साडेबेचाळीस ग्रॅम तुकडे टाकले आणि शेजारी तसंच पाणी काही न टाकता ठेवलं. चार आठवड्यांनी शेवाळातलं हरितद्रव्य मोजलं. काही न टाकलेल्या पाण्यात लिटरला २० मायक्रोग्रॅम, गोळे टाकलेल्या पाण्यात ५२. म्हणजे शेवाळ उलट जास्त! लिटरला ५ ते १० ग्रॅम, म्हणजे शिफारशीच्या कितीतरी पट मात्रा दिली तेव्हाच शेवाळ हटलं. तेही बहुधा पाणी इतकं गढूळ झालं की शेवाळाला उजेडच मिळेना म्हणून. त्या पाण्यातला ऑक्सिजन सुरुवातीला लिटरला १.८ मिलिग्रॅमपर्यंत घसरला होता.

असं का होतं? शेवाळाचं खरं खाद्य फॉस्फरस. कॅनडात ऑन्टारिओमध्ये १९७३ साली एका तळ्याच्या मधोमध पडदा लावून दोन भाग केले. दोन्हीकडे कार्बन आणि नायट्रोजन घातलं, फॉस्फरस एकाच बाजूला. शेवाळाची साय त्याच बाजूला धरली. फॉस्फरस हे मूलद्रव्य आहे; जिवाणूने खाल्लं म्हणून ते संपत नाही. जिवाणू मेला की परत पाण्यात. कोंड्यातही फॉस्फरस असतो, म्हणजे गोळ्यांनी आपण त्यात भरच घालतो.

‘गाळ खाऊन टाकतील’ हे तर डोळ्यांनी तपासण्यासारखं आहे. मी काठीला डबा बांधून आमच्या तळ्याचा गाळ वर काढला. वरचा बोटभर थर काळा, लोण्यासारखा मऊ, सडक्या अंड्यांचा वास मारणारा. बोटांत चोळला की बारीक वाळू आणि चिकणमाती लागते. ती कुठला जिवाणू खाणार? पांढऱ्या ताटात पसरला तर तांबड्या दोऱ्यांसारख्या अळ्या वळवळू लागल्या. त्यांच्या अंगात हिमोग्लोबिन असतं, म्हणून अगदी कमी ऑक्सिजनमध्येही त्या तग धरतात. त्यांच्याहून जास्त ऑक्सिजन लागणारं चतुराचं पिल्लू मात्र एकही सापडलं नाही. सडक्या अंड्यांच्या त्या वासाचा अर्थ असा की तळाशी ऑक्सिजन उरलेला नाही. ऑक्सिजन असेपर्यंत गाळातलं लोह फॉस्फरसला धरून ठेवतं. तो संपला की सोडून देतं. म्हणजे गाळ वरच्या शेवाळाला खालून खाद्य पुरवतो, आणि आपण त्याच तळाशी गुळाचं पाणी आणि कोंडा पोचवतोय.

‘आमच्याकडे पाणी नितळ झालं’ असं सांगणारे खोटं बोलत नसतील. पण दोन दमदार सरी झाल्या तरी पाणी बदलतं, थंडीत शेवाळ आपसूक मंदावतं. शेजारी गोळे न टाकलेलं तळं पाहिलं का, हे कोणीच सांगत नाही.

राहिला ‘तोटा शून्य’. ३० अंशांच्या पाण्यात ऑक्सिजन मुळात लिटरला साडेसात मिलिग्रॅमच्या आसपास मावतो. रात्री शेवाळही तोच वापरतं. पहाटे मासे तोंड वर काढून आ वासताना दिसतात, त्यात कुजणाऱ्या गुळाची भर कशाला?

सिएटलच्या लेक वॉशिंग्टनचं उदाहरण मला फार मोलाचं वाटतं. तिथे शेवाळ माजलं तेव्हा १९६३ ते १९६८ या काळात फॉस्फरस घेऊन येणारं सांडपाणी तळ्यात येणंच थांबवलं. ज्या पाण्यात एक मीटर खोलपर्यंतही दिसत नव्हतं, त्यात पुढच्या काही वर्षांत तीन मीटरपर्यंत दिसू लागलं. जुना गाळ खोल साचलेला असला तर वेळ जास्त लागतो, कुठे गाळ उपसावाही लागतो. पण आधी सांडपाण्याचा नाला थांबवायला हवा.

आमच्या तळ्याला पूर्वेकडून एक उघडा नाला मिळतो. गोळे वळायला आलेल्या मुलांनो आणि सरांनो, येत्या रविवारी तिथे या. पहाटे साडेपाचला, ऑक्सिजन सर्वांत कमी असतो तेव्हा. नाल्याच्या तोंडाशी आणि पलीकडच्या काठाशी दोन बाटल्या भरू, ऑक्सिजन मोजू, आणि ते आकडे घेऊन सोमवारी नगरपालिकेत जाऊ.