हात मोजून झाले, आता जरा पाय बघा

"विल कॅम्पबेलला आत गार्डला घ्या" हे पालुपद ऐकून कान किटले. कॅम्पबेल म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल लीगमधल्या पॅट्रियट्स संघाचा लेफ्ट टॅकल, चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकसमोरच्या पाच जणांच्या भिंतीत डाव्या टोकाला उभा राहणारा. गार्ड त्याच्या शेजारी, आतल्या बाजूला. पॅट्रियट्सचा क्वार्टरबॅक चेंडू फेकायच्या आत पाडला गेला, म्हणजे सॅक झाला रे झाला, की आमच्या ग्रुपवर कुणीतरी त्याच्या हाताची लांबी टाकतोच. २०२५च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ फेरीफेरीने कॉलेजातले खेळाडू निवडतात त्यात, त्याला चौथ्या क्रमांकावर घेतलं त्याच्याही आधीपासूनचं हे प्रकरण. कंबाइनमध्ये, म्हणजे ड्राफ्टआधीच्या मोजमाप-चाचणीत, त्याचा हात भरला ३२ ५/८ इंच. लेफ्ट टॅकलचा हात किमान ३३ इंच हवा, खरं तर ३४, असा स्काउट मंडळींचा जुना दंडक. पुढे त्याच्या कॉलेजात, एलएसयूत, झालेल्या चाचणीला (प्रो डे) तोच हात ३३ भरला. म्हणजे पाव इंचाहून थोड्या जास्त फरकाने पोरगा नापासाचा पास! टेप धरणाऱ्यालाच पहिल्या फेरीत उचलायला हवं होतं.

हाताचा मुद्दा अगदीच खोटा आहे, असं मी म्हणत नाही. लेफ्ट टॅकल हा उजव्या हाताने फेकणाऱ्या क्वार्टरबॅकची पाठ राखतो. ज्या बाजूला क्वार्टरबॅकची नजर नसते, तिथून त्याला पाडायला धावून येणारा एज रशर याच्या वाट्याला. लांब हाताचा रशर एकच हात सरळ याच्या छातीत रोवतो, आणि याचे हात तिथवर पोचायच्या आत याला मागे रेटत नेतो. आखूड हाताच्या टॅकलची ही दुखरी नस खरीच.

पण हरलेला एखादा स्नॅप, म्हणजे एक डाव, घ्या आणि दोघांची टक्कर व्हायच्या जरा आधी व्हिडिओ थांबवा. टॅकल मागे सरकताना डावा पाय मागे टाकतो, उजवा त्याच्या पाठोपाठ ओढतो. दुसऱ्या पावलाला वजन टाचेवर गेलंय का? रशर बाहेरून येणार या धास्तीने कंबर आधीच वळलीय का? डोकं पुढे झुकलंय का? यातलं एक जरी झालं, तरी तो स्नॅप तिथेच गेलेला असतो. हात नंतर हरतात. तालमीतला वस्ताद पोराचे दंड नंतर बघतो, आधी पवित्रा बघतो, तसंच हे. टँपा बे संघाचा टॅकल ट्रिस्टन वर्फ्स शाळेत असताना आयोवा राज्याचा हेवीवेट कुस्ती विजेता होता. त्याची पावलं बघितली की ते सांगावं लागत नाही.

मोजपट्टीने दगा दिल्याची उदाहरणं हवीत? टॅकल ग्रेग रॉबिन्सन, २०१४च्या ड्राफ्टात रॅम्स संघाची दुसऱ्या क्रमांकाची निवड. वजन ३३२ पौंड आणि ४० यार्ड ४.९२ सेकंदांत. बघणाऱ्यांचे डोळे फिरले होते. तीन हंगामांनी रॅम्सनी त्याला ड्राफ्टच्या सहाव्या फेरीतल्या एका निवडीच्या बदल्यात डेट्रॉइटला देऊन टाकलं. उलट ऑर्लँडो ब्राउन ज्युनियर २०१८च्या कंबाइनमध्ये ४० यार्डांना ५.८५ सेकंद लावून बसला, बेंच प्रेसही जेमतेम १४ वेळा. पार हसं झालं. तिसऱ्या फेरीपर्यंत घसरला आणि नंतर चार वेळा प्रो बोल, म्हणजे हंगामातल्या निवडक खेळाडूंत नाव. आणि जो थॉमस! हात साडेबत्तीस इंच, म्हणजे कॅम्पबेलपेक्षाही आखूड. क्लीव्हलंडसाठी सलग १०,३६३ स्नॅप्स, एकही न चुकवता. आता हॉल ऑफ फेममध्ये आहे. तरी त्याचं नाव काढलं की "तो अपवाद" म्हणून विषय संपवतात.

माझं सगळ्यात लाडकं उदाहरण मात्र जॉर्डन मायलाटा. सिडनीचा पोरगा, साउथ सिडनीच्या ज्युनियर संघातून रग्बी लीग खेळलेला. अमेरिकन फुटबॉलचा एकही सामना न खेळता २०१८मध्ये फिलाडेल्फियाच्या ईगल्स संघाने त्याला सातव्या फेरीत, २३३व्या क्रमांकावर घेतलं. पहिली दोन वर्षं नियमित हंगामात मैदानावर पाऊल नाही. लाइन कोच जेफ स्टाउटलंड त्याला शून्यापासून घडवत होते. उभं कसं राहायचं इथपासून सुरुवात! मधे २०१९ला ईगल्सनी आंद्रे डिलर्ड हा तयार टॅकल पहिल्या फेरीत आणला. २०२१च्या कॅम्पमध्ये मायलाटाने त्याच्याकडून जागा जिंकली आणि त्याच सप्टेंबरात मोठा करार घेतला. पुढे सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामनाही जिंकला. दोन वर्षांत "हे काय जमणार नाही" म्हणून ईगल्सनी हात आखडता घेतला असता तर?

टॅकल-गार्डसारख्या ऑफेन्सिव्ह लाइनमनला वेळ लागतो यामागे कारणं आहेत. कॉलेजात आजकाल चेंडू झटपट सुटतो, त्यामुळे टॅकलला तीन सेकंद रशर थोपवायची सवयच लागत नाही. वर लीग आणि खेळाडूंच्या संघटनेतल्या २०११च्या कामगार करारानंतर अख्ख्या हंगामात पॅड्स घालून फक्त १४ सराव करता येतात. क्वार्टरबॅक शॉर्ट्समध्येही शिकेल. टॅकलने अंगावर येणारं १२० किलोचं धूड अडवायला शिकायचं कुठे? थेट सामन्यात, सगळ्यांसमोर, टीव्हीवर.

त्यात कॅम्पबेल एलएसयूला पहिल्या वर्षापासून तीन हंगाम लेफ्ट टॅकल खेळलाय. पावलं चांगली आहेत, कंबाइनमध्ये ४० यार्ड ४.९८ सेकंदांत धावला. अशा पोराला वर्षा-दीड वर्षात जागेवरून हलवायचं आणि त्याच्या जागी आणायचं कोणाला, हे मात्र कुणी सांगत नाही. गार्डला गेला तर तो चांगला गार्ड होईलही. पण चांगले गार्ड दुसऱ्या-तिसऱ्या फेरीतही मिळतात, लेफ्ट टॅकल सहसा नाही मिळत.

"पोटेन्शियल आहे, पोटेन्शियल आहे" करत सगळं पोटात घालावं, असंही नाही. पहिल्या फेरीतल्या खेळाडूच्या कराराचं पाचवं वर्ष घ्यायचं की नाही, हे संघाला तिसऱ्या हंगामानंतर ठरवावंच लागतं. तेवढी मुदत मला रास्त वाटते. त्या मुदतीत मी सॅकचा आकडा बघणार नाही. क्वार्टरबॅक चेंडू धरून बसला की तो आकडा उगाच फुगतो. मी बघणार ते हे, की एकदा ज्या चालीने फसला, त्याच चालीने महिन्याभरात पुन्हा फसतो का. लांब हाताच्या रशरसमोर दर वेळी मागे सरकण्याऐवजी कधी झेप घेऊन आधी भिडतो का, छातीवर आलेला हात खाली झटकायला शिकला का. तिसऱ्या हंगामातही तोच रशर त्याच आतल्या चालीने त्याला उघडा पाडत असेल, तर गार्डला न्या म्हणणाऱ्यांत मी पहिला असेन.