हवेच्या झोताने काचबिंदूचं निदान? खुलासा

‘नव्या मशीनने कॉर्नियाचा (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याचा) ताठपणा मोजला की काचबिंदू आहे की नाही ते लगेच कळतं, बाकीच्या तपासण्या नुसते पैसे काढायला’ असा मजकूर फिरतो आहे. तो चुकीचा आहे.

मशीन मात्र खरं आहे. हवेच्या झोताने कॉर्निया आत दबताना एकदा सपाट होतो, बाहेर येताना पुन्हा एकदा. या दोन क्षणांच्या दाबांतला फरक म्हणजे हिस्टेरेसिस. हा ताठपणा नव्हेच. कॉर्निया धक्का किती पचवतो त्याचं ते माप. ते कमी असलेल्यांत काचबिंदू वाढण्याचा धोका जास्त आढळतो, म्हणून डॉक्टर ते पाहतात. पण निरोगी आणि रुग्ण यांचे आकडे एकमेकांत इतके मिसळतात की एकट्या आकड्यावरून निदान करता येत नाही.

कॉर्निया जाड असला तर नेहमीच्या तपासणीत डोळ्याचा दाब खऱ्यापेक्षा जास्त दिसू शकतो, पातळ असला तर कमी. शिवाय दाब २१ मिमी पारा या नेहमीच्या मर्यादेच्या आत असूनही काचबिंदू होतोच. निदान ठरतं ते दृष्टिनाडीची (डोळ्यातून मेंदूकडे जाणाऱ्या नसेची) तपासणी, ओसीटी (डोळ्याच्या आतल्या थरांचा स्कॅन) आणि फील्ड टेस्टवर (नजरेचा आवाका तपासणारी चाचणी). हिस्टेरेसिस चांगला आला म्हणून कुणी काचबिंदूचे थेंब बंद करू नयेत. नाडीचं झालेलं नुकसान भरून येत नाही.